वासोट्याच्या जंगलात जाताना

वासोट्याच्या किल्ल्यावर जायचं तर सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक गाठायचीच. मी साताऱ्याची. भाच्यांना घेऊन जाते तेव्हा अंधारातच घर सोडते. बामणोलीत परवानगी काढायची, मग कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं, तिथं वनखात्याच्या चौकीवर पिशवीतलं प्लास्टिक मोजून द्यायचं; एवढ्यातच सकाळ सरते. गडावर मुक्काम करू देत नाहीत, संध्याकाळच्या आत बोटीत परत यावंच लागतं. उशीर झाला की माणसं उतरताना पळतात आणि तिथंच पाय मुरगळतात.

पाऊस नुकताच सरला असेल तर जळवा भेटणारच. ओल्या पाचोळ्यावर काडीसारखी उभी राहून जळू डोकं हलवत असते. आपली ऊब आणि श्वास तिला कळतो. म्हणून पाचोळ्यावर बूड टेकू नका, दम खायचा तर उघड्या कातळावर. लांब मोजे पँटवरून ओढून घ्या. मी जाड मिठाची पुरचुंडी काठीच्या टोकाला बांधते, पाण्यात बुडवते आणि बुटावर चढलेल्या जळवेला नुसती टेकवते. ती लगेच गळून पडते.

अंगाला चिकटलेलीला मात्र मीठ लावायचं नाही. ती पोटातलं जखमेत ओकते. माझ्या धाकट्या भाच्यानं घाबरून एक उपटली होती, ती जागा पुढं आठवडाभर चिघळली. नख कातडीला सपाट लावून आधी तिचं बारीक टोक, म्हणजे तोंड, बाजूला सरकवायचं, मग जाड टोक. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेनं ते गोठत नाही. साबणानं धुवा, स्वच्छ फडकं दाबून धरा. घाबरू नका, थांबतं.

चढ सगळा गर्द झाडीतून, छातीवर येणारा. माणशी तीन लिटर पाणी हवंच. चढताना पुढच्याच्या टाचेत घुसू नका, सुटलेला दगड मागच्याच्या नडगीवर येतो. उतरताना गुडघे किंचित वाकवून, पाऊल आडवं टाकत या. थंडीत जाल तर जळवा नसतात, पण वाळका पाचोळा मुरमावरून घसरतो. आधाराला फांदी धरायची तर आधी हलवून बघा, आणि न बघता कपारीत हात घालू नका. सापाची जागा ती.

हे कोयना अभयारण्य आहे. अस्वल, गवा, बिबट्या यांचं घर. वळणावर साध्या आवाजात बोलत चला, म्हणजे अस्वल दचकत नाही आणि आपणहून बाजूला होतं. गवा वाटेत असेल तर थांबा, त्याला जाऊ द्या. फोटोसाठी एक पाऊलही पुढं नको. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर अत्तर, विडी, आरडाओरडा काहीही नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, तोंड ओढणीनं झाका आणि निघा; पण कड्याच्या दिशेनं नाही.

परतीच्या बोटीत बसण्याआधी गुडघ्यामागं, कमरेच्या पट्ट्याखाली आणि पिशवीच्या शिवणीत नीट बघा. आमच्या घरी एकदा एक जळू न्हाणीघरापर्यंत आली होती.