प्लस मेझ: उंदराची चिंता मोजण्याआधी खोली शांत करा

उंच, उघड्या जागेची धास्ती आणि नवी जागा हुंगून पाहायची ओढ, ही दोन्ही उंदराच्या मेंदूत एकाच वेळी जागी असतात. प्लस मेझ म्हणजे जमिनीपासून उंच, अधिकच्या चिन्हासारखा मंच: दोन भुजा उघड्या, दोन भिंतींनी बंद. त्यावर या दोघींची ओढाताण मोजायची असते. ती मेझमुळे झालेली असावी. ट्रॉलीच्या खडखडाटाने किंवा शेपटीला धरून उचलल्याने नव्हे. बडोद्यात एम.फार्म. किंवा प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.साठी ही चाचणी लावणाऱ्यांनी आधी मेंदूतली जोडणी समजून घ्यावी. पुढची प्रत्येक खबरदारी तिथूनच येते.

आवाज, वास, वेदना यांची खबर अमिग्डाला या भीतीशी जोडलेल्या मेंदूभागाच्या बेसोलॅटरल तुकड्याकडे जाते. तिथून एक वाट सेंट्रल अमिग्डालाकडे, एक बीएनएसटी (बेड न्यूक्लियस ऑफ स्ट्रिया टर्मिनॅलिस) या भागाकडे आणि एक हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या भागाच्या खालच्या, म्हणजे व्हेंट्रल भागाकडे निघते. या वाटा एकच काम करत नाहीत. २०११ साली ऑप्टोजेनेटिक्सने, म्हणजे प्रकाशाने ठरावीक चेतापेशी चालू-बंद करण्याच्या तंत्राने, दिसले की बेसोलॅटरलमधून सेंट्रल अमिग्डालात गेलेल्या तंतूंच्या टोकांवर प्रकाश टाकला की उंदीर लगेच उघड्या भुजांवर जास्त वेळ काढतो. मूळ पेशींवर प्रकाश टाकला तर तसे घडत नाही. २०१३ मध्ये व्हेंट्रल हिप्पोकॅम्पसकडे जाणारी वाट उत्तेजित केल्यावर चिंता उलट वाढली. म्हणून ‘अमिग्डाला चालू झाला की चिंता’ असे प्रबंधात लिहू नका. कोणती वाट, ते लिहा. बीएनएसटीचा संबंध लांबणाऱ्या, नेमके कारण समोर नसलेल्या धास्तीशी जास्त आहे. प्राण्याला चाचणीच्या खोलीत आणून लगेच मेझवर ठेवायचे नाही, ते यामुळेच.

मेझ लहान उंदरांसाठी असेल तर प्रत्येक भुजा ३० सें.मी. लांब, ५ सें.मी. रुंद, मधला चौक ५ बाय ५, बंद भुजांच्या भिंती १५ सें.मी. आणि जमिनीपासून उंची ४० ते ५० सें.मी. ठेवा. रॅटसाठी, म्हणजे मोठ्या उंदरासाठी, भुजा ५० बाय १०, भिंती ४०, उंची ५०. दोघांना एकच मेझ चालवण्याचा मोह टाळा. ॲक्रिलिक कापून घेताना चकचकीत नको, मॅट सांगा. चकाकी असली की कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर प्रतिबिंबालाच उंदीर समजते. उघड्या भुजांना अर्धा सें.मी.हून कमी उंचीची कड लावली तर घसरून पडण्याचे प्रकार कमी होतात. कड याहून उंच केली की उघडेपणाच जातो.

प्रकाश लक्समीटरने मोजा. उघड्या भुजांवर १०० ते २०० लक्स, आणि दोन्ही टोकांना सारखा. एका बाजूला खिडकी असेल तर उंदीर ‘कमी उजेडाची उघडी भुजा’ निवडतो आणि आकडा फसवा येतो.

आवाजाबाबत मात्र आपल्या कानांवर विसंबू नका. लहान उंदराला साधारण १ किलोहर्ट्झच्या खालचे फारसे ऐकू येत नाही, पण २० किलोहर्ट्झच्या वरचे, आपल्याला न ऐकू येणारे, उत्तम ऐकू येते. ट्यूबलाइटचा खराब चोक, काही एलईडी ड्रायव्हर आणि मॉनिटर यांची शिट्टी त्याला सतत ऐकू येत असते. असे दिवे बदला. गरब्याचा दणदणता बास उंदराच्या कानांपेक्षा पायांना कळतो, टेबल आणि जमिनीच्या कंपनातून. मेझच्या पायांखाली जाड रबर घाला आणि नवरात्र, दिवाळी, उत्तरायण या दिवसांत चाचणी लावूच नका. फटाक्यांनंतरचेही काही दिवस सोडा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना एसी बंद पडला, तर त्या दिवशीचे प्राणी चाचणीत घेऊ नका. तापमान २२ ते २४ अंश ठेवा.

संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही प्राणी घेऊ नका. मग सलग काही दिवस, रोज दोन-तीन मिनिटे, प्रत्येक उंदराला ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचलायची सवय करा. शेपटीला धरून उचललेले उंदीर प्लस मेझवर जास्त घाबरट दिसतात, हे २०१० पासून माहीत आहे. तरी अनेक ठिकाणी तेच चालते, आणि मग औषधाचा परिणाम दिसत नाही म्हणून डोस वाढवला जातो. याचे वाईट वाटते, कारण त्यात प्राणी फुकट जातात.

चाचणीच्या दिवशी पिंजरे एक तास आधी शेजारच्या खोलीत आणा. वेळ रोज तीच ठेवा. उंदराला मधल्या चौकात, उघड्या भुजेकडे तोंड करून सोडा, बाहेर या आणि ५ मिनिटे वरच्या कॅमेऱ्याने चित्रण करा. चारही पाय आत गेले तरच प्रवेश धरा. प्रत्येक उंदरानंतर अल्कोहोलने पुसा आणि वास पूर्ण उडेपर्यंत थांबा. मागच्याच्या लघवीचा वास पुढच्याच्या अमिग्डालापर्यंत पोचतो.

तोच उंदीर पुन्हा मेझवर ठेवू नका. एकदा अनुभव घेतलेल्या प्राण्यावर दुसऱ्या वेळी डायझेपाम हे चिंता कमी करणारे औषधही सहसा चालत नाही. मेझ त्याच्यासाठी बदललेला असतो.

मेझ खरोखर चिंता मोजतो का, हे डायझेपामने तपासा: १ मि.ग्रॅ. प्रति किलो, पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने, चाचणीच्या ३० मिनिटे आधी. २५ ग्रॅमच्या उंदराला ०.०२५ मि.ग्रॅ. लागते, ०.१ मि.ग्रॅ./मि.लि.चे द्रावण केले तर ०.२५ मि.लि. डायझेपाम पाण्यात विरघळत नाही, म्हणून विरघळायला मदत करणारे थोडे ट्वीन ८० घातलेले सलाइन वापरा, आणि तुलनेच्या गटाला तेच द्रव औषधाशिवाय द्या. द्रावण गढूळ दिसले तर डोस असमान जाणार.

गणित असे. ३०० सेकंदांत उघडे ६०, बंद २००, चौक ४०. उघड्याचे प्रमाण ६० भागिले २६०, म्हणजे २३.१ टक्के. चौक धरून भागले तर २० येते. कोणते वापरले ते लिहा. बंद भुजांतले प्रवेश वेगळे मोजा. औषधाने ते घटले असतील तर उंदीर शांत नाही, गुंगीत आहे. उघड्या भुजेवर गोठून बसलेल्याची मिनिटे सॉफ्टवेअर ‘धीटपणा’ म्हणून मोजते, म्हणून चित्रण डोळ्यांनी पाहा. गट कोणता हे न कळता पाहणारा दुसरा माणूस बसवा. पडलेला उंदीर परत ठेवून घड्याळ पुढे चालवू नका. तो वगळा आणि किती वगळले ते तक्त्याखाली लिहा.