किलीमच्या पायऱ्यांतून आठ टोकांचा तारा : अमूर्त चित्र कसं रंगवावं

कुर्दी नक्षी, इस्लामी भूमिती आणि पाश्चात्य अमूर्त कला एका चित्रात आणायची, तर तिन्हींचे तुकडे शेजारी चिकटवून ती एकजीव होत नाहीत. म्हणून प्रत्येकीकडून एकच नियम घ्यायचा.

आलेख कागदावर २४ सेमीचा चौरस काढा आणि त्यात ६ सेमीची १६ घरं पाडा. प्रत्येक घरात मधोमध ३ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. वर्तुळ घराच्या बाजूंना जिथे टेकतं ते ४ बिंदू आणि कर्णांना जिथे छेदतं ते ४, असे ८ बिंदू मिळतील. एक सोडून एक बिंदू जोडा. दोन चौरसांचा मिळून तारा होतो आणि चार ताऱ्यांमध्ये टोकदार हातांची चौफुली आपोआप उमटते. तेराव्या शतकात इराणमधल्या काशान शहराच्या कारागिरांनी याच मांडणीच्या फरशा घडवल्या.

आता खरं काम. किलीम ही गाठी न मारता विणलेली सतरंजी. दोन रंग एकाच उभ्या धाग्यावर भिडले की तिथे फट राहते. फट लांबली तर वीण कमजोर होते. त्यामुळे विणणारी कड पायरीपायरीने सरकवते. किलीममधले दातेरी समभुज चौकोन असे मागाच्या अडचणीतून आले आहेत, म्हणूनच मला ते इतके प्रिय आहेत. तुम्हीही ताऱ्याच्या तिरक्या रेषा पुसून २ मिमीच्या पायऱ्या काढा : एक आडवी, एक उभी. उभी कड ६ मिमीपेक्षा लांबली तर मध्ये एक दात बाहेर काढा. चौफुलीच्या पोटात जाफ जमातीच्या कुर्दांच्या थैल्यांवर असतो तसा, कडांना हुकासारखे आकडे असलेला समभुज चौकोन बसवा. इथे घाई करू नका, एक संध्याकाळ सहज जाते.

मग एका कागदात १२ सेमीची चौरस खिडकी कापा. ती नक्षीवर ठेवून २ सेमी बाजूला सरकवा, म्हणजे तारे कडेला तुटतील. तेवढाच भाग दुप्पट आकारात मोठ्या कागदावर उतरवा. १९६३ मध्ये इराण पाहून आलेल्या अमेरिकी अमूर्त चित्रकार फ्रँक स्टेला यांनी १९६७ पासून कोनमापकाच्या कमानी अशाच भिंतभर मोठ्या केल्या.

रंग तीनच : मंजिष्ठेचा लाल, नीळ, उंटाच्या लोकरीचा तपकिरी. चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी १९५० पासून चौरसात चौरस रंगवत दाखवलं की शेजार बदलला की रंगही बदललेला दिसतो. म्हणून एक तारा निळ्यावर आणि दुसरा तपकिरीवर, दोन्ही त्याच लालाने रंगवा. लाल थोडा कमीजास्त झाला तरी सारखा करू नका. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लोकरीतही तो फरक दिसतो. त्याला अब्रश म्हणतात.