‘ऑल इन द फॅमिली’ बघायची तर आधी हशा ऐका

‘ऑल इन द फॅमिली’ ही सत्तरच्या दशकातली अमेरिकन विनोदी टीव्ही मालिका. आर्ची बंकर हा तिचा तिरसट नायक. पण पहिल्या भागापासून सुरुवात करू नका. दोनशेच्या वर भाग आहेत. ओळीने बसलात तर पाचव्या भागाला ढेपाळाल आणि म्हणाल, हा आर्ची नुसता खेकसतो, यात काय बघायचं?

मी व्हिडिओ एडिटिंग करते, त्यामुळे माझा कान आधी हशाकडे जातो. ही मालिका बरीच वर्षं प्रेक्षकांसमोर टेपवर रेकॉर्ड व्हायची. म्हणजे कुठल्या वाक्याला लोक हसले, कुठे दबकले, ते ऐकू येतं. तेव्हा हेडफोन लावा. सबटायटल्सही लावा, कारण आर्चीचं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं इंग्रजी भल्याभल्यांना गोंधळात पाडतं. शीर्षकगीताची शेवटून दुसरी ओळ तर खुद्द अमेरिकनांनाच कळेना, म्हणून ती पुन्हा स्पष्ट गाऊन घ्यावी लागली!

सुरुवात करा दुसऱ्या सीझनमधल्या ‘सॅमीज व्हिजिट’ने, फेब्रुवारी 1972. आर्ची हा लोडिंग डॉकवरचा (मालाची चढ-उतार होते तिथला) फोरमन. काळे, ज्यू, बायका, सगळ्यांवर घसरणारा. जोडधंदा म्हणून टॅक्सी चालवतो. तिच्यात प्रसिद्ध गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर (स्वतःच्याच भूमिकेत) आपली ब्रीफकेस विसरतो आणि ती घ्यायला थेट घरी येतो. सॅमी काळा, शिवाय धर्माने ज्यू. शेवटी फोटो काढताना तो नेमक्या क्षणी आर्चीच्या गालाचं चुंबन घेतो. एकदा आर्ची झालेल्या कॅरल ओकॉनरचा चेहरा बघा. मग मागे जाऊन डोळे मिटून नुसता हशा ऐका. असा हशा मागाहून चिकटवता येत नाही, हे धंद्यातली म्हणून सांगते.

आता पहिल्या भागाकडे जा. 12 जानेवारी 1971, सीबीएस वाहिनी. त्याआधी एबीसी या दुसऱ्या वाहिनीने दोन पायलट (नमुना भाग) नाकारले होते. सीबीएसनेही सुरुवातीला पडद्यावर सूचना दाखवली, की आमचा हेतू पूर्वग्रहांवर विनोदी प्रकाश टाकण्याचा आहे. मूळ कल्पना ब्रिटिश मालिकेची. निर्माता नॉर्मन लिअरने ती अमेरिकेत आणली. पुढे ओळीने पाच सीझन ती रेटिंगमध्ये पहिली होती.

बघताना आर्चीवरून नजर काढून त्याच्या बायकोवर, ईडिथवर ठेवा. ती साकारणाऱ्या जीन स्टेपलटनचं टायमिंग मला ओकॉनरहून सरस वाटतं. 1977 चा ईडिथच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा भाग चुकवू नका, पण तो एकट्याने, दिवसा बघा. घरात शिरलेला माणूस तिच्यावर बलात्काराचा प्रयत्न करतो. आधी प्रेक्षक अवघडून हसतात. ती ओव्हनमधला जळता केक त्याच्या तोंडावर मारते तेव्हा मात्र स्टुडिओ दणाणतो. हसणं आणि जल्लोष यांतला फरक इथे कानाला कळतो.

जावई माईक आणि आर्चीची भांडणं मात्र निवडून बघा. माईक झालेला रॉब रायनर उत्तम आहे, पण व्हिएतनाम, निक्सन हे संदर्भ माहीत नसतील तर ती नुसती आरडाओरड वाटते.

एक सवय लावून घ्या: प्रत्येक मोठ्या हशाला थांबून विचारा, लोक आर्चीला हसतायत की आर्चीबरोबर? नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली अमेरिकन आणि कॅनेडियन प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची आवडायचा आणि वादात तोच जिंकतो असं वाटायचं. लिअरला जे दाखवायचं होतं त्याच्या नेमकं उलट. मला विचाराल तर त्यामुळे मालिका फसत नाही, पण तिचं कौतुक करणाऱ्यांनी हे लपवूही नये.

नवव्या सीझनला आलात की कान टवकारा. तिथे तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचा प्रतिसाद रेकॉर्ड केलाय. नट आणि हशा यांच्यातली देवाणघेवाण मला तिथे विरळ वाटते.

वारसा बघायचा तर हिच्यातूनच निघालेल्या ‘मॉड’ आणि ‘द जेफरसन्स’ या मालिका घ्या. दुसरी 1975 ते 1985 चालली. बंकरांचे काळे शेजारी धंद्यात पैसा कमावून मॅनहॅटनला जातात, तिथून सुरू होते. ‘आर्ची बंकर्स प्लेस’ या पुढच्या मालिकेचा ईडिथच्या मृत्यूनंतरचा भाग बघा, बाकी सवडीने. आर्चीच्या मुलीवरची ‘ग्लोरिया’ सोडलीत तरी चालेल, ती एका सीझनमध्येच आटोपली.