रेवस ते रेडी सायकलने: यंत्राला काय विचारावे आणि जेटीवर काय विचारावे

मुंबईहून गोव्याकडे किनाऱ्याने सायकलवर जायचे ठरले की पहिली अडचण रस्त्याची येत नाही, खाड्यांची येते. राष्ट्रीय महामार्ग ६६ आतल्या अंगाने जातो आणि नद्या जिथे अरुंद आहेत तिथे पुलांवरून त्या ओलांडतो. सागरी मार्गाने, म्हणजे रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत किनाऱ्याने, जाणाऱ्याला मात्र आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार ठिकाणी सायकल फेरीबोटीत चढवावी लागते. अशा प्रवासाची आखणी करताना आता बरेच जण एखाद्या चॅटबॉटची मदत घेतात. ती घ्यायला हरकत नाही, पण कोणते काम त्याच्याकडे सोपवायचे आणि कोणते नाही हे निघण्यापूर्वी ठरवले पाहिजे.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले, त्याआधीपासूनच या प्रकारच्या यंत्रांचे मूळ काम एकच आहे: समोरच्या मजकुरापुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे हे ठरवणे. उत्तर ठाऊक असो वा नसो, वाक्य तितक्याच ठामपणे येते. दोन हिवाळ्यांपूर्वी अशाच एका चॅटबॉटने तवसाळची शेवटची फेरी रात्री दहाची असल्याचे मला सांगितले. आम्ही दिवेलागणीनंतर तासाभराने जेटीवर उतरलो तेव्हा बोट पलीकडे जयगडला बांधलेली होती आणि रात्र एका घराच्या पडवीत काढावी लागली. चूक माझीच होती. जे फक्त जेटीवरच्या माणसाला ठाऊक असते ते मी अशा ठिकाणी विचारले होते जिथे ते असण्याचे काही कारणच नव्हते. अलीकडे ही यंत्रे इंटरनेटवर शोध घेऊनही उत्तर देतात, परंतु शोधात सापडलेले पान कितीतरी वर्षांपूर्वीचे असू शकते. म्हणून फेरीची वेळ आदल्या संध्याकाळी, मुक्कामाच्या घरी किंवा फेरीच्या तिकीटघरात फोन करून विचारावी आणि पावसाळ्यात तर सकाळी पुन्हा विचारावी.

यंत्राचा खरा उपयोग हिशेबाला होतो, आणि कोकणात हिशेबाची गरज घाटावरच्या माणसाला वाटते त्याहून फार जास्त असते. हर्णै समुद्राला लागून आहे, दापोली सुमारे आठशे फुटांवर आहे आणि दाभोळ पुन्हा खाडीच्या पातळीवर आहे. दिवसाची सुरुवात आणि शेवट दोन्ही समुद्रसपाटीला असल्यामुळे चढ-उताराचा फरक कागदावर शून्य दिसतो. नुसती दोन गावांची नावे दिली तर चॅटबॉट किलोमीटर मोजतो, ताशी पंधराच्या वेगाने भागतो आणि दुपारच्या जेवणाला पोहोचाल असे सांगतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीतून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चढायचे, सडा संपला की दुसऱ्या खाडीत उतरायचे, असे दिवसातून सहा-आठ वेळा होते.

म्हणून नावे देऊ नयेत, मार्गाची जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेवरच्या बिंदूंची ठिकाणे आणि उंची नोंदवलेली फाइल, द्यावी. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर आधारलेल्या कोणत्याही मार्ग-नियोजकात मार्ग आखून ती उतरवून घेता येते. चांगली साधने अशी फाइल घेऊन स्वतः छोटा प्रोग्रॅम लिहितात आणि चालवतात. मनातल्या मनात आकडा रचण्यापेक्षा हे फार निराळे आहे, कारण इथे उत्तर खरोखरच मोजून येते. सूचना अशी द्यावी: ‘सोबतच्या फाइलवर प्रोग्रॅम चालवून एकूण चढ काढ, दहा मीटरपेक्षा लहान चढ-उतार मोजू नकोस, सहा टक्क्यांहून तीव्र असा प्रत्येक चढ किती किलोमीटरवर सुरू होतो आणि किती लांब आहे हे तक्त्यात दे, फेरीचा टप्पा चढात धरू नकोस.’ दहा मीटरची अट मुद्दाम घातली आहे. उंचीची मोफत माहिती बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार-मोजणीवर आधारलेली असते. तिच्यात साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एक आकडा असतो आणि दाट झाडी असेल तिथे तो जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांकडे झुकतो. माडा-पोफळीच्या बागांमधून जाणारा सपाट रस्ता अशा माहितीत खडबडीत दिसतो आणि त्या खोट्या उंचवट्यांची बेरीज करत गेले की नसलेला चढ वाढत जातो.

आलेला आकडा एकदा हाताने पडताळावा, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन शंभर किलो आणि दिवसाचा चढ नऊशे मीटर धरला, तर १०० गुणिले ९.८१ गुणिले ९०० म्हणजे सुमारे आठ लाख त्र्याऐंशी हजार ज्यूल काम होते. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण चोवीस टक्केच कामाला लावतात, त्यामुळे नुसत्या चढासाठी जवळपास ८८० किलोकॅलरी लागतात. सपाटीवरचे श्रम वेगळेच. वेगाचेही तसेच आहे. आठ टक्क्यांच्या चढावर शंभर वॅट जोर लावणारा माणूस ताशी साडेचार किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे दीड किलोमीटरची घाटी चढायला वीस मिनिटे जातात आणि उतरून सायकल ढकलणाऱ्यालाही तेवढीच लागतात. सप्टेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने विचार मांडून मग उत्तर देणारी मॉडेल (चॅटबॉटमागची यंत्रणा) आली, त्यांना हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. तरी पायऱ्या दाखवायला सांगावे आणि सामानाचे वजन हिशेबात घेतले आहे का ते बघावे, कारण विसरले जाते ते नेमके तेच.

भरती-ओहोटीचा प्रश्न याच वर्गातला, आणि यंत्राची परीक्षा घ्यायला याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते आणि काही किनाऱ्यांवर तिच्यावरून सायकल चालवता येते. भरतीला तोच किनारा कोरड्या वाळूत चाके रुतवतो. किनाऱ्यावरच्या माणसाजवळ यासाठी जुने गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि खरी भरती त्यानंतर थोडी रेंगाळते, पण गणित तासाभराच्या आत बसते. त्याचे कारणही सरळ आहे, भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. चॅटबॉटने अष्टमीची भरती दुपारी एकची सांगितली तर त्याने अंदाज केला आहे हे बोटांवर मोजून कळते. त्याला भरती-ओहोटीचे छापील कोष्टक द्यावे आणि त्यातून आपल्या तारखा काढून मागाव्यात. दिलेल्या मजकुरातून निवडण्याचे काम ही यंत्रे नीट करतात.

छायाचित्र वाचण्याची सोय २०२३ नंतर सर्रास झाली आणि प्रवासात ती कामाची आहे, पण हाताने लिहिलेल्या देवनागरी आकड्यांशी जपून राहावे. एका जेटीवर खडूने लिहिलेल्या फळ्याचा फोटो मी दिला होता. फळ्यावर ‘१.३०’ होते, यंत्राने ‘९.३०’ वाचले, आणि लिहिणाऱ्याने एकचे डोके जरा मोठे वळवले होते हे पाहता त्याला फार दोष देता येत नाही. फोटो दिल्यावर प्रत्येक वेळ अक्षरात लिहून मागावी आणि मूळ फोटोशी ताडून पाहावी.

निरोप लिहून घेण्याबाबत माझे मत थोडे कडक आहे. परप्रांतातून येणाऱ्या सोबत्याला मराठी समजावून सांगायला भाषांतर उत्तम, परंतु घरगुती जेवण देणाऱ्या बाईंना यंत्राने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा पाठवू नये. ‘आपल्या निवासस्थानी भोजनाची व्यवस्था उपलब्ध असल्यास कृपया अवगत करावे’ असे माझ्यासाठी एकदा लिहून आले होते. मी पाठवले ते असे: ‘काकू, आम्ही दोघे सायकलवरून येतोय, सातपर्यंत पोहोचू. तांदळाच्या भाकऱ्या चार जास्त टाकाल का?’ उत्तर दोन मिनिटांत आले. बोलून लिहिण्याची सोय प्रमाण मराठीला आता चांगली चालते. वेंगुर्ले-मालवणच्या बाजूला समोरचा मालवणीत बोलत असेल तर फोन खिशात ठेवून कान द्यावा.

खाडीच्या तोंडाशी आणि घाट्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते, हे गृहीत धरूनच तयारी करावी. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा, चढांचा तक्ता आणि फेऱ्यांच्या वेळा कागदावर लिहून हँडलबारच्या पिशवीत ठेवाव्यात. फोनमध्येच चालणारी लहान मॉडेल आता मिळतात आणि ती इंटरनेटशिवाय उत्तर देतात. सामानाची यादी तपासणे किंवा एखादे वाक्य भाषांतरित करणे यापुरती ती ठीक आहेत, पण आकाराने लहान असल्याने गावे, अंतरे आणि वेळा यांत मोठ्या मॉडेलांपेक्षा अधिक चुकतात आणि बॅटरीही खातात. मधल्या टप्प्यात चेन तुटली तर चेनटूल आणि जोडकडी उपयोगी पडते. तेव्हा सल्ला विचारायला रेंज नसतेच. किनाऱ्यावरून चालवलेली सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्यावे, नाहीतर खाऱ्या पाण्याने दोन दिवसांत कड्या लाल होतात.

रोज मुक्कामाला पोहोचल्यावर एक काम न चुकता करावे. त्या दिवशी नोंदलेला ट्रॅक आणि प्रत्येक थांब्याच्या खऱ्या वेळा यंत्राला द्याव्यात आणि पुढच्या दिवसाचा अंदाज पुस्तकी वेगावर नव्हे, तर आपल्या कालच्या वेगावर करायला सांगावा. चढावरचा वेग, सपाटीवरचा वेग आणि थांबे तिन्ही वेगळे मागावेत. आमच्या गेल्या प्रवासात पहिल्या दिवशी अंदाज अडीच तासांनी चुकला होता. गुहागरला पोहोचलो त्या चौथ्या दिवशी तो वीस मिनिटांवर आला, आणि त्यातली पंधरा धोपाव्याला फेरीतून उतरल्यावर घेतलेल्या चहाची होती, जी मी नोंदवायची विसरलो होतो.