मोकळ्या जागा आणि मैदानांचे धोरण लिहिताना अंतर कसे मोजावे

लोकसंख्येचा ताजा आकडा, हद्दीचा नकाशा आणि जागांची यादी हाताशी आहे, असे धरून चालू.

१. यादी चाळा. नाल्याचा काठ, उच्चदाब वाहिनीखालची पट्टी, रस्त्याच्या वळणावर उरलेला त्रिकोण, पार्किंग यांतले काहीही मोकळी जागा म्हणून मोजू नका. बाग, लहान मुलांची जागा आणि मैदान यांची बेरीजही एकत्र करू नका. शोभेच्या हिरवळीत मैदानांची तूट दडून जाते.

२. माणशी प्रमाण ठरवा. माणशी ९ चौ. मी. धरले तर ५,००० वस्तीला ४.५ हेक्टर. बहुतेक मसुदे इथेच थांबतात आणि इथेच फसतात.

३. पोहोच मोजा. सगळी ४.५ हेक्टर वस्तीच्या एकाच टोकाला असली, तरी वरचा गुणाकार बरोबरच येतो. म्हणून खरा कस इथे लागतो.

नकाशावर कंपास टेकवून ४०० मीटरचे वर्तुळ काढायचे आणि आतली सगळी घरे ‘सोय झाली’ म्हणून रंगवायची, ही पद्धत कृपा करून सोडा. माणसे रस्त्याने चालतात. मैदानाच्या मध्यापासून नव्हे, फाटकापासून मोजा, तेही प्रत्यक्ष वाटेने. फुटबॉलचे मैदान १०५ बाय ६८ मीटर असते. घर भिंतीला लागून आणि फाटक बरोबर पलीकडच्या बाजूला असेल, तर नुसता वळसाच १७३ मीटरचा पडतो.

मग अडथळे. रेल्वेचे रूळ, नाला, सिग्नल नसलेला रुंद रस्ता: आठ वर्षांचे मूल जिथून एकटे पलीकडे जाऊ शकत नाही, तिथे रेघ थांबवा. पूल किंवा सुरक्षित क्रॉसिंग असेल तिथूनच ती पुढे न्या. नकाशा तयार झाला की शाळा सुटायच्या वेळी प्रत्येक फाटकापाशी जाऊन पाहा. त्या वेळी कुलूप असेल, तर ती जागा मुलांच्या हिशेबातून वगळा, मालकी कोणाचीही असो.

लहान मुलांच्या जागेला ४०० मीटर आणि मैदानाला १,२०० मीटर चालणे ही मर्यादा धरावी. त्यापेक्षा सैल केली तर लहान मुले मोठ्यांनी नेल्याशिवाय जाणार नाहीत. मोजणी नीट झाली की एक गोष्ट हमखास दिसते: दर वेळी नवी जमीन लागत नाही. मागच्या भिंतीत दुसरे फाटक पाडले किंवा नाल्यावर पादचारी साकव टाकला, तरी अख्ख्या गल्ल्या अंतरात येतात. अशी कामे धोरणात जागेच्या नावानिशी लिहा. ‘पोहोच सुधारावी’ एवढ्यावर कोणीही भिंत पाडत नाही.

४. मापे पूर्ण द्या. व्हॉलीबॉलचे कोर्ट १८ बाय ९ मीटर, पण चहूबाजूंनी ३ मीटर मोकळे ठेवायचे म्हणजे २४ बाय १५. बास्केटबॉलचे २८ बाय १५, कडेचे २ मीटर धरून ३२ बाय १९. नुसत्या रेघांचे माप लिहिले तर कुंपण रेघेवरच येते आणि खेळाडू त्यावर आदळतात. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर मावळतीचे ऊन एका संघाच्या डोळ्यांवर येते.

५. कलमे घट्ट लिहा. ‘शक्यतो’ आणि ‘योग्य ठिकाणी’ हे शब्द खोडा. नव्या वसाहतीसाठी लिहा: ‘निम्म्या घरांत लोक राहायला येण्याआधी मैदान खेळण्याजोगे करून ताब्यात द्यावे.’ असलेले मैदान बांधकामाला द्यायचेच असेल, तर बदली जागा तेवढीच मोठी, तेवढ्याच अंतरावर आणि जुनी बंद होण्याआधी सुरू झालेली हवी. वाटाघाटीत ही तिसरी अट सैल करायला सांगतात. ती सोडली तर बदली मैदान कागदावरच राहते.

६. देखभाल कोणी करायची ते लिहा. गवत, पाण्याचा निचरा, दिवे, स्वच्छतागृह आणि फाटकाची किल्ली, प्रत्येकासमोर जबाबदार विभाग आणि वार्षिक तरतूद मांडा. किल्ली वगळू नका. ती कोणाकडे हे ठरलेले नसले की कुलूप संध्याकाळी उघडत नाही.