दूरच्या भाषेतला ‘दादा’ आपलाच का? असं तपासा

स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘काका’ म्हणजे भाऊ. परळला उपचारासाठी येणाऱ्या केनिया-टांझानियाच्या कुटुंबांना मी खोल्या शोधून देते, त्यामुळे हे शब्द सतत कानावर पडतात. ‘आपल्याकडूनच गेले असणार’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. सांगण्याआधी थोडं तपासावं, ही माझी कळकळीची विनंती.

पहिलं, शब्द बाळाच्या तोंडचा आहे का ते बघा. ओठ मिटून उघडले की मा नि बा, जीभ टेकली की दा. जगभरची बाळं हेच आवाज आधी काढतात आणि घरची माणसं ते स्वतःकडे ओढून घेतात. म्हणून आपला मामा आईचा भाऊ, चिनी ‘मामा’ आई, आणि जॉर्जियात ‘मामा’ म्हणजे चक्क वडील. तिथे आई ‘देदा’! भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९६० साली हे नीट मांडलं. अशा शब्दांत नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवू नका.

मात्र शेजारच्या भाषेत रीतही विचारा. माटुंग्यातल्या तमिळ घरात मामा म्हणजे आईचा भाऊ, आणि सासराही. मामाची मुलगी करायची चाल तिथेही, आपल्याकडेही. आपल्या जुन्या बायका सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत, ते उगाच नाही. इथे देवाणघेवाणीचा विचार करायला जागा आहे.

वस्तूचा शब्द असेल तर मालाची वाट धरा. स्वाहिलीतलं ‘गारी’ हे आपल्याकडच्या गाडीवरून गेलेलं. पाव पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट सोडून द्या. तो पोर्तुगीजांबरोबर आला, चावी आणि पगारासारखाच. पाव किलोतला पाव वेगळा, तो संस्कृत ‘पाद’वरून, म्हणजे चौथा हिस्सा.

संस्कृत आणि इंग्रजीसारख्या भाषाच एका कुळातल्या असतील तर एका जोडीवर थांबू नका. पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह: दर वेळी ‘प’समोर ‘फ’ येतो, तेव्हा नातं पक्कं.

मग कोश उघडा. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. टर्नरमध्ये मराठी रूपाआधी रोमन ‘M.’ ही खूण असते. तिच्याशेजारची गुजराती, बंगाली रूपंही वाचा.