कोंबुचा नीट आंबतोय की बिघडतोय, हे कसं ओळखावं

बरणीला फडकं बांधून तीन दिवस झाले. एकही बुडबुडा दिसत नाही आणि वर काहीतरी पांढुरकं धरायला लागलंय. घरी पहिल्यांदा कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, लावणारे बहुतेक इथेच घाबरतात आणि चांगली चाललेली बरणी मोरीत ओततात.

बुडबुड्यांवर भिस्त ठेवू नका. बरणीचं तोंड नुसत्या कापडाने झाकलेलं असतं, त्यामुळे तयार होणारा बराचसा वायू उडूनच जातो. बघायचा तो आंबटपणा. (घरी बिअर करून बघू म्हणणाऱ्यांसाठी: 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती घरीही बनवता येत नाही. कोंबुच्यातही किंचित अल्कोहोल तयार होतं, पण नीट केला तर ते फारच थोडं राहतं.)

तपासणी लावण्याच्या दिवसापासूनच सुरू करा. एक लिटर पाण्याला 6 ते 8 ग्रॅम साधी काळी चहापत्ती, 70 ते 80 ग्रॅम साखर, 100 ते 150 मिली जुना कोंबुचा आणि मदर, म्हणजे आंबणाऱ्या कोंबुच्यावर धरणारी रबरासारखी जाड चकती. चहाचा मसाला किंवा सुगंधी चहा नको. चहा पूर्ण गार झाल्यावरच बाकीचं घाला. जुना कोंबुचा हे इथलं विरजण, पण त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे: पहिल्या तासापासून चहा आंबट ठेवायचा, म्हणजे बुरशीला शिरकाव मिळत नाही. सगळं ढवळून पीएच पट्टीने, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या कागदाने, तपासा; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. आकडा 4.5 किंवा त्याखाली हवा; जास्त असेल तर आणखी जुना कोंबुचा घाला. पट्ट्या मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात. 1 ते 14 आकड्यांच्या स्वस्त पट्टीवर 4 आणि 5 मधला फरक चहाच्या रंगात कळत नाही, म्हणून कमी पल्ल्याची घ्या. पट्टी बरणीत बुडवू नका, स्वच्छ चमच्यात थोडं काढून बघा.

जागेचं म्हणाल तर 24 ते 29 अंश उत्तम, आणि मुंबईत ते वर्षातले बरेच महिने आपसूक मिळतं. मे महिन्यात मात्र काम भरभर उरकतं, तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशीच चव बघायला लागा. जानेवारीत त्यालाच दहा-बारा दिवस लागले तर बिघडलं असं समजू नका. खरी काळजी पावसाळ्याची. ओल आलेली भिंत, घरात वाळत घातलेले कपडे, कांदे-बटाट्यांची टोपली, या सगळ्यांपासून बरणी लांब ठेवा. कापड घट्ट विणीचं घ्या. जाळीदार फडक्यातून चिलटं आत जाऊन अंडी घालतात, आणि अळ्या दिसल्या तर मदरसकट सगळं टाकावंच लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास घ्या. गोड चहाच्या वासात हलका आंबूसपणा मिसळायला हवा. मदर तळाशी गेली, आडवी तरंगली, उभी राहिली, काहीही चालतं. पृष्ठभागावर पातळ, ओलसर, अर्धपारदर्शक पापुद्रा धरू लागला की समजा, नवी मदर तयार होतेय. तिच्याखाली लोंबणारे तपकिरी धागे म्हणजे यीस्ट. दिसायला किळसवाणे, पण निरुपद्रवी.

आता बुरशी. ती नेहमी वरच्या कोरड्या भागावर येते, द्रवात बुडालेल्या भागावर नाही. तिला लव असते, ठिपके गोल असतात, रंग पांढरा, हिरवा, निळा किंवा काळा. शंका आली तर बरणी उजेडात धरून बाजूने बघा: नवा पापुद्रा ओला, चकचकीत आणि सपाट दिसतो, बुरशी कोरडी आणि उठलेली. बुरशीच असेल तर वरून काढून खाली वाचवायच्या फंदात पडू नका. मदर, द्रव, सगळं टाका आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवा. वरची सुरकुतलेली, पांढरी, बिनलवेची साय हा वेगळा प्रकार. ती सहसा अपाय करत नाही, पण चव बिघडवते. मी तोही घाणा पुढे चालवत नाही.

सातव्या दिवशी पुन्हा पट्टी. पीएच 4.2 च्या खाली आलेला नसेल तर आंबणं अडलंय; तो घाणा पिऊ नका, नव्या विरजणाने पुन्हा लावा. 3 च्या आसपास असेल तर झकास. मग चव: गोडी मागे पडून आंबटपणा पुढे आला की काढा. 2.5 च्या खाली गेलेला पिण्याजोगा राहत नाही.

बाटलीत भरताना निदान एक बाटली प्लास्टिकची ठेवा. बंद बाटलीत वायू साठून ती दाबल्यावर कडक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा. उन्हाळ्यात हे दीड-दोन दिवसांत होतं, आणि विसरलात तर काचेची बाटली फुटते. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घरचा कोंबुचा टाळावा. फार आंबट झालेला फेकू नका. वाटीभर पुढच्या घाण्याच्या विरजणाला ठेवा, बाकी व्हिनेगरच्या जागी काकडीच्या कोशिंबिरीत चालतो.